फुकटची सीडी कुणाला किती पडते?

जामखेड तालुक्यातले खर्डा हे आमचे आजोळ. इतिहासाच्या पुस्तकात या गावाला दोन ओळी मिळतात : १७९५ मध्ये मराठे आणि निजाम यांची लढाई इथे झाली, आणि निंबाळकरांचा किल्ला आजही इथे उभा आहे. आम्हाला मात्र खर्डा म्हटले की आधी बाजारपेठेतला एक छोटा गाळा आठवतो. आमच्या मामेभावाचा मुलगा तिथे बसतो. एक संगणक, एक रंगीत प्रिंटर, झेरॉक्सचे यंत्र आणि भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने, एवढाच सारा संसार. एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला उर्दू असा निकाहचा दावतनामा हवा असला, की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे लोक त्याच्याकडे येतात.

गेल्या वर्षी रमजान ईद झाली आणि लग्नांची घाई सुरू झाली. अशाच एका रात्री त्याचा फोन आला, "चाचा, सगळ्या फायली गेल्या."

गिऱ्हाइकाला नव्या पद्धतीची पत्रिका हवी होती. त्यासाठी डिझाइनचे एक महागडे परदेशी सॉफ्टवेअर लागत होते. आजवर अशी सॉफ्टवेअरे कुणीतरी दिलेल्या सीडीवरून चढवली जात. या वेळी त्याने इंटरनेटवर शोधले आणि 'क्रॅक' केलेली प्रत उतरवली. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती : आधी अँटिव्हायरस बंद करा. त्याने बंद केला. तासाभरात संगणकातल्या प्रत्येक फायलीच्या नावापुढे चार विचित्र अक्षरे चिकटली. एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी होती : पैसे पाठवा, किल्ली घ्या.

सहा वर्षांच्या पत्रिका गेल्या. दोन शाळांच्या ओळखपत्रांचे फोटो गेले. मदरशाच्या पावत्यांचा नमुना गेला. या सगळ्याची भरपाई मेहनतीने होऊ शकली असती. पण त्याच संगणकात आमच्या मोठ्या मामूंनी सांगितलेला खानदानाचा शजरा होता. सात पिढ्यांची नावे, कोण कुठून आले, कुणाचे लग्न कोणत्या घरी झाले, हे सारे त्यांनी दोन महिने रोज दुपारी दुकानात बसून लिहवून घेतले होते. थंडीत त्यांचा इंतकाल झाला. छापलेली पहिली चार पाने खालाजवळ सापडली. बाकीचे आता सांगणारे कुणी नाही.

आम्ही खर्ड्याला गेलो तेव्हा भाच्याला रागावण्याचे धाडस झाले नाही. कारण त्याच्या संगणकात विकत घेतलेले असे काहीच नसते, हे आम्हाला ठाऊक होते आणि आम्ही कधी बोललो नव्हतो. मामेभाऊ मात्र म्हणाला, "एवढं महागाचं सॉफ्टवेअर आपण घेणार कुठून? आणि परदेशातल्या कंपनीला काय कमी पडलंय? आपण एक प्रत घेतली म्हणून तिची भाकरी थोडीच जाते!"

हा प्रश्न घराघरात विचारला जातो. त्या रात्री आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. नंतर थोडे वाचले, थोडे विचारले. ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

बोअर आणि बादली

आपल्या दुष्काळी भागातल्या माणसाला सॉफ्टवेअरचा हिशेब समजायला कठीण नाही. बोअर घ्यायचा तर खर्च मोठा. तीनशे फुटांवर पाणी लागेल की कोरडा दगड, हेही सांगता येत नाही. पण एकदा पाणी लागले, की पुढची बादली भरायला जवळजवळ काहीच लागत नाही. सॉफ्टवेअरचेही असेच आहे. पहिली प्रत तयार व्हायला वर्षे आणि पैसा जातो. दुसरी प्रत काही सेकंदांत, जवळजवळ फुकट निघते.

म्हणून बादली भरणाऱ्याला वाटते, आपण घेतले म्हणून कुणाचे काय गेले? एका बादलीचा विचार केला तर ते खरेही आहे. पण बोअरचा खर्च बादल्यांतूनच वसूल व्हायचा असतो. सगळ्यांनीच रात्रीतून पाणी भरले, तर त्या माणसाचा पहिला बोअर बुडतो आणि दुसरा बोअर घ्यायला कुणीच पुढे येत नाही. चोरीचे खरे नुकसान आजच्या बादलीत दिसत नाही. ते न घेतलेल्या पुढच्या बोअरमध्ये असते, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पहिल्या प्रतीला किती मेहनत लागते, याचे एक उदाहरण आपल्या उर्दूतलेच आहे. नस्तालीक लिपी संगणकावर आणणे फार अवघड मानले जाई. तिची अक्षरे सरळ रेषेत बसत नाहीत. शब्द वरून खाली तिरका उतरतो आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक अक्षराचे रूप बदलते. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी यासाठी हजारो अक्षरजोड्या एकेक करून हाताने लिहून काढल्या. मोनोटाइप या ब्रिटिश कंपनीने त्या यंत्रावर चढवल्या. वडील नूर अहमद यांच्या नावावरून त्या लिपीला 'नूरी नस्तालीक' म्हटले गेले आणि १९८१ मध्ये 'जंग' या वृत्तपत्राने ती वापरायला घेतली. पुढे १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअर या कंपनीने साध्या संगणकावर चालणारे 'इनपेज' काढले. एका भारतीय कंपनीच्या या कामामुळे भारत आणि पाकिस्तानातल्या गल्लीबोळांतले छापखाने उर्दू मजकूर संगणकावर जुळवू लागले.

मराठीतही हेच घडले. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम तिथे झाले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे 'श्री-लिपी' आणि बंगळुरूच्या सायबरस्केपचे 'आकृती' घराघरातल्या लग्नपत्रिकेपर्यंत पोचले. पेजमेकरमध्ये श्री-लिपी आणि शेजारी इनपेज, हा आपल्याकडच्या कित्येक डीटीपीवाल्यांचा वर्षानुवर्षांचा थाट. यातले किती विकत घेतलेले होते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. भाच्याने आपल्या मनाला विचारले. उत्तर 'एकही नाही' असे आले.

चोरी कुणाला पोसते, कुणाला मारते

आमचा मामेभाऊ म्हणतो तसे परदेशी कंपनीला खरेच काही कमी पडत नाही का? याचे उत्तर चमत्कारिक आहे. मोठ्या कंपनीला चोरीतून कधी कधी फायदाही होतो.

१९७६ मध्ये बिल गेट्स वीस वर्षांचे होते आणि त्यांची कंपनी अगदी लहान होती. हौशी संगणकवाले त्यांच्या 'बेसिक'च्या प्रती आपसात वाटत होते. तेव्हा त्यांनी एक उघडे पत्र लिहून तक्रार केली, की तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, मग चांगले सॉफ्टवेअर लिहिणे कुणाला परवडणार? तेच गेट्स १९९८ मध्ये जगातले सर्वांत श्रीमंत गृहस्थ होते. चीनमधल्या चोरीबद्दल त्या वर्षी ते एका कार्यक्रमात जे बोलले, त्याचा मतलब असा : चोरणारच असतील तर आमचेच चोरावे, त्यांना त्याची सवय लागेल आणि पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही पुढच्या दहा वर्षांत बघू.

माणूस तोच, धंदाही तोच. फक्त कंपनी लहानाची मोठी झाली आणि चोरीचा अर्थ बदलला.

याचे कारण सवयीत आहे. खर्ड्यातल्या मुलाने फुकटच्या वर्डवर टायपिंग शिकले, की पुढे तो ज्या ऑफिसात लागेल तिथे वर्डच मागेल. ते ऑफिस पैसे भरून घेईल. शेजारच्या दुकानातून येणारी फाइलही वर्डचीच असेल, म्हणून त्यालाही तेच ठेवावे लागेल. जितके लोक एक वस्तू वापरतात तितकी ती इतरांना अधिक गरजेची होते. म्हणजे आपण चोरून वापरतो तेव्हाही त्या कंपनीचा फुकट प्रचार करत असतो. आणि तिच्यापेक्षा स्वस्त किंवा मोफत वस्तू बनवणारा जो दुसरा कुणी असतो, त्याच्या पोटावर पाय देत असतो. चोरीच्या बाजारात सगळेच फुकट. मग स्वस्त वस्तूला कोण विचारतो?

आता लहान कंपनीचे पाहा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आणि उर्दू सांगणारे ५ कोटी होते. ऐकायला बाजार मोठा. पण मराठी-उर्दू फॉन्टचे सॉफ्टवेअर यातले किती जण विकत घेणार? छापखाने, वर्तमानपत्रे, काही कार्यालये. म्हणजे मूठभर. विंडोजच्या कंपनीला आपण पैसे दिले नाहीत, तर तिला जपान आणि जर्मनीतून मिळतात. श्री-लिपी किंवा इनपेज करणाऱ्याला आपण दिले नाहीत, तर द्यायला दुसरे कुणी नाही. मराठी फॉन्ट जर्मनीत कोण घेणार?

आमच्या मामेभावाला आमचे उत्तर हेच आहे. आपल्याला वाटते आपण परदेशातल्या श्रीमंताच्या ताटातला एक घास उचलला. प्रत्यक्षात चोरीचा मोठा मार आपल्या भाषेसाठी राबणाऱ्या आपल्याच माणसाला बसतो.

कुलूप, किंमत आणि भाडे

मग कंपन्यांनी काय केले? त्यांनी एकामागून एक उपाय करून पाहिले, आणि प्रत्येक उपायातून काहीतरी शिकण्यासारखे आहे.

पहिला उपाय कुलपाचा. संगणकाच्या मागे लावायचा बोटाएवढा ठोकळा, ज्याला आपले डीटीपीवाले नुसते 'लॉक' म्हणतात. लॉक असेल तरच सॉफ्टवेअर उघडणार. भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरला याचा मोठा आधार होता. पण कुलपाचा त्रास चोरापेक्षा सावालाच जास्त. आमच्या एका दोस्ताने पदरमोड करून लॉकसकट सॉफ्टवेअर घेतले. लॉक विजेच्या झटक्याने जळाले आणि नवे येईपर्यंत त्याचे काम थांबले. शेजारचा चोरीची प्रत वापरणारा मात्र मजेत होता, कारण त्याच्या प्रतीतले कुलूप आधीच कुणीतरी तोडलेले. ज्याने पैसे दिले त्यालाच अडचण, असे झाले की प्रामाणिक माणसाचाही पाय घसरतो.

दुसरा उपाय नोंदणीचा. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि पंचवीस अक्षरांची किल्ली कंपनीकडे नोंदवून घेण्याची सक्ती सुरू झाली. नंतर नकली प्रत दिसली की पडदा काळा करण्याचा प्रकार आला. गंमत अशी, की विंडोज १० च्या वेळेपर्यंत कंपनीने सूर बराच खाली आणला. किल्ली नसली तरी संगणक चालू राहतो, फक्त कोपऱ्यात एक पुसट सूचना दिसत राहते. गिऱ्हाईक पूर्ण तोडण्यापेक्षा त्याला हाताशी ठेवणे कंपनीला बरे वाटते, एवढाच याचा अर्थ.

तिसरा उपाय किमतीचा. २००३ मध्ये थायलंड सरकारने लिनक्स हे मोफत सॉफ्टवेअर घातलेले स्वस्त संगणक जनतेसाठी काढले. मायक्रोसॉफ्टने तिथे ताबडतोब विंडोज आणि ऑफिसचे दर खाली आणले. मग गरीब देशांसाठी एक्सपीची 'स्टार्टर' आवृत्ती निघाली. आपल्याकडे ती २००५ मध्ये हिंदीत आली. तिच्यात एका वेळी तीनच प्रोग्राम उघडत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. थायलंडमध्ये चोरी वर्षानुवर्षे होतीच, पण दर खाली आला तो मोफत आणि कायदेशीर पर्याय बाजारात उभा राहिल्यावर. लोक चोरत आहेत तोवर कंपनीला ठाऊक असते की ते आपल्याच दारात आहेत. ते दुसऱ्या दारात गेले की तिला जाग येते.

पुण्याच्या क्विक हीलची गोष्ट याच वळणाची आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर यंत्रदुरुस्तीच्या कामाला लागले. संगणकात व्हायरस येऊ लागले तेव्हा संगणक शिकलेले त्यांचे भाऊ संजय यांनी त्यावर औषध तयार केले. १९९५ मध्ये पहिला अँटिव्हायरस बाजारात आला आणि २०१६ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात नोंदले गेले. चोरीच्या बाजारात त्यांचा माल टिकला, कारण तो तालुक्याच्या संगणक दुरुस्तीवाल्यामार्फत, आपल्या ओळखीच्या माणसाकडून मिळत असे, आणि अडचण आली तर तोच येऊन बघत असे. शिवाय अँटिव्हायरसला रोज नवी माहिती लागते. कालची चोरलेली प्रत आजच्या व्हायरसपुढे निकामी. त्यांनी वस्तू विकली आणि वस्तूबरोबर रोजची सेवाही विकली. सेवेची सीडी काढता येत नाही.

चौथा उपाय विद्यार्थ्यांचा. कॉमर्सच्या मुलांना टॅली माहीत असतेच. बंगळुरूच्या या कंपनीने परवाना न घेताही शिकण्यापुरते सॉफ्टवेअर उघडून दिले. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ अशा ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात. मुलगी हिशेब शिकू शकते, पण त्यावर दुकान चालवता येत नाही. शिकणाऱ्याला दार उघडे आणि धंदा करणाऱ्याला दर, हा आम्हाला सर्वांत समजूतदार उपाय वाटतो.

पाचवा उपाय भाड्याचा. अडोबीने २०१३ पासून फोटोशॉपसारखी आपली नवी सॉफ्टवेअरे कायमची विकणे थांबवून महिन्याच्या भाड्याने देण्याचा मार्ग धरला. मायक्रोसॉफ्टने ऑफिसचेही भाडे सुरू केले. एकदम मोठी रक्कम भरण्याची गरज राहिली नाही, हे ठीक. पण भाडे थांबले की दार बंद. ज्याचा धंदा वर्षातले चार महिने लग्नसराईवर चालतो, त्याला बारा महिन्यांचे भाडे परवडते का, हा हिशेब त्याने स्वतः मांडायला हवा.

आकडे आणि कायदा

सॉफ्टवेअर कंपन्यांची जागतिक संघटना बीएसए चोरीचे अंदाज जाहीर करत असे. तिच्या म्हणण्यानुसार भारतात परवान्याशिवाय वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रमाण २०११ मध्ये ६३ टक्के होते, ते २०१७ मध्ये ५६ टक्क्यांवर आले. २०१७ मध्ये त्या सॉफ्टवेअरची बाजारातली किंमत सुमारे अडीचशे कोटी डॉलर धरली होती. हे आकडे कंपन्यांच्याच संघटनेचे आहेत आणि ते जपून वाचले पाहिजेत. फुकटची सीडी नसती तर आमच्या भाच्याने ते महागडे सॉफ्टवेअर विकत घेतलेच नसते; तो दुसरे काहीतरी वापरायला शिकला असता. म्हणजे प्रत्येक चोरीची प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री, असे होत नाही. पण दर दोन संगणकांपैकी एकात असा माल असेल, तर लहान कंपनीचे कंबरडे मोडायला तेवढे पुरेसे आहे.

कायद्याबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असताना ती वापरणे हाही त्याच्या ६३-ब कलमाखाली गुन्हा आहे. शिक्षा किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी किंवा कमाईसाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. संगणक विकताना त्यात बेकायदा सॉफ्टवेअर भरून देणाऱ्या एका विक्रेत्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टला १९ लाख ७५ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली होती. उलट, कायदेशीर घेतलेल्या सॉफ्टवेअरची एक जादा प्रत सुरक्षित ठेवण्याचा हक्क हाच कायदा घेणाऱ्याला देतो. तो हक्क कुणी वापरत नाही, कारण मुळात घेतो कोण?

काही वाचक विचारतील, दीनच्या दृष्टीने काय? जुन्या हनफी उलेमांत या प्रश्नावर मतभेद होता. हातात न येणाऱ्या हक्काची खरेदी-विक्री होऊ शकते का, हा त्यांचा मुद्दा होता. पण इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या जेद्दाच्या फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केला, की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरचे हक्क शरियतला मान्य आहेत आणि त्यांवर अतिक्रमण जायज नाही. ज्यांना अधिक खुलासा हवा त्यांनी आपल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावे. आम्ही एवढेच म्हणतो, की दावतनाम्यावर वर बिस्मिल्लाह लिहायची आणि ती लिहिणारे साधन मात्र बिनपरवाना, हे आपल्याला कधी खटकलेच नाही.

बिल कुणाच्या नावावर फाटते

आता पुन्हा खर्ड्याच्या त्या संगणकाकडे. चोरीच्या प्रतीचे सगळ्यात मोठे बिल शेवटी वापरणाऱ्याच्याच नावावर फाटते.

भाच्याच्या संगणकात बिनपरवाना विंडोज ७ होते. किल्लीची चौकशी होऊ नये म्हणून त्याने अद्ययावत करण्याची सोयच बंद करून ठेवली होती. पुढे जानेवारी २०२० मध्ये कंपनीने त्या विंडोजचा सांभाळ थांबवला, तरी तेच चालू. अशा संगणकाला गळके छप्पर म्हणावे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर व्हायरसने दीडशेवर देशांतले दोन लाखांहून जास्त संगणक धरले. त्याची वाट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही ते सापडले.

आपल्या इनपेजलाही ही झळ लागली आहे. त्यातले एक छिद्र वापरून आशियातल्या बँकांवर हल्ले होत असल्याचे कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने नोव्हेंबर २०१६ मध्ये जाहीर केले. उर्दूची साधीसुधी दिसणारी फाइल, ती उघडली की चोर आत. जुनी, तोडलेली प्रत वापरणाऱ्याकडे दुरुस्ती कोण घेऊन येणार? त्याचे नाव कंपनीच्या वहीत नाहीच.

आणि ज्याने खानदानाचा शजरा नेला तो प्रकार? फायलींना चार अक्षरे चिकटवणारा 'स्टॉप' नावाचा खंडणीखोर व्हायरसांचा एक कुळवा आहे. तो प्रामुख्याने क्रॅक आणि नकली किल्ल्यांच्या फायलींतूनच पसरतो. त्याचा हिशेब सरळ आहे. फुकट शोधणारा माणूस स्वतः येतो, स्वतः अँटिव्हायरस बंद करतो आणि स्वतःच्या हाताने दार उघडतो. काही जुन्या प्रकारांची किल्ली जाणकारांनी मोफत उपलब्ध करून दिली आहे. भाच्याच्या फायलींना ती लागली नाही.

आता दुकानात काय आहे

पूर्वी चोरीला एक सबब होती, की दुसरा मार्गच नाही. ती सबब आता फारशी उरलेली नाही. मराठी आणि उर्दू दोन्ही लिपींना युनिकोडमध्ये जागा आहे, त्यामुळे टायपिंगसाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. २००५ पासून सी-डॅकने एकेका भारतीय भाषेची साधने सीडीवर घालून मोफत वाटली. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचा 'मुक्ता' हा देखणा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली आहे. गुगलने २०१४ मध्ये उर्दूसाठी नस्तालीकचा 'नोटो' फॉन्ट मोफत दिला. लिहिण्यासाठी लिबरऑफिस, चित्र आणि पत्रिकेसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिम्प, सगळे मोफत आणि सगळे कायदेशीर.

भाच्याने संगणक कोरा करून त्यात लिनक्स टाकले. पहिले पंधरा दिवस तो वैतागला होता. हाताला जुन्या बटणांची सवय. श्री-लिपीत टाइप केलेला गिऱ्हाइकाचा जुना मजकूर नव्यात उघडला की नुसती चिन्हे. तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि मग शुद्धलेखन तपासावे लागते. ठळक नस्तालीकचा तो जुना डौल नोटोमध्ये नाही, असे उर्दू जाणणारे बुजुर्ग म्हणतात, आणि त्यांचे खरे आहे. म्हणून लग्नसराईच्या कमाईतून त्याने उर्दूसाठी परवाना असलेले सॉफ्टवेअर विकत घ्यायचे ठरवले आहे. मोफत मिळते ते मोफत घ्यायचे. जे आपल्या भाषेसाठी कुणीतरी कष्टाने केले आहे आणि ज्यावर आपली रोजी चालते, त्याचे पैसे द्यायचे. आम्हाला हा हिशेब पटला.

बहिणींना आणि मुलांना आमची एक विनंती. क्लासला जाणाऱ्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये काय भरून दिले आहे, ते दुकानदाराला विचारा आणि बिलावर लिहून घ्या. विद्यार्थ्यांसाठीची मोफत किंवा कमी दराची आवृत्ती आहे का, हेही विचारा. 'अँटिव्हायरस बंद करा' असे सांगणारी कोणतीही फाइल घरात येऊ देऊ नका. आणि घरातले फोटो, निकाहनामे, जमिनीचे कागद यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. आमच्या घरी ती नव्हती.

मागच्या महिन्यात खर्ड्याला गेलो तेव्हा खाला दुकानात येऊन बसली होती. तिच्याकडची चार पाने समोर ठेवून भाचा नव्याने टाइप करत होता. चौथ्या पानाच्या शेवटी मामूंच्या दादांचे नाव येते आणि शजरा तिथेच थांबतो. खाला डोळे मिटून म्हणाली, "त्यांची एक बहीण करमाळ्याला दिली होती. नाव थांब, आठवते."

भाचा टाइप करायचे थांबून तिच्याकडे बघत राहिला.